एन्झाइममधला धातू नेमका कोणता? मोजणी, काढणी आणि परत भरणी

जेम्स सम्नर यांनी १९२६ साली जॅक बीनच्या दाण्यांतून युरिएजचे, म्हणजे युरिया फोडणाऱ्या एन्झाइमचे, स्फटिक मिळवले. एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे त्या स्फटिकांनी दाखवून दिले आणि १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच प्रथिनात निकेल आहे आणि त्याच्याशिवाय युरिएज चालतच नाही, हे कळायला १९७५ उजाडले. शुद्ध स्फटिक हाताशी असूनही एकोणपन्नास वर्षे धातू नजरेतून सुटला होता.

याच्या उलट चूकही होते. ई. कोलाय या जिवाणूमधले पेप्टाइड डिफॉर्मिलेज हे एन्झाइम शुद्ध केले की त्यात जस्त सापडायचे, म्हणून ते जस्ताचे एन्झाइम समजले गेले. १९९७-९८च्या सुमारास उघड झाले की पेशीत ते फेरस (दोन धनभारांच्या) लोहावर चालते. शुद्धीकरण उघड्या हवेत केले की हे लोह ऑक्सिजनने बिघडते, निसटते आणि रिकाम्या जागेत जस्त येऊन बसते. जस्तवाल्या रूपाचा वेग फारच कमी असतो, पण रूप टिकाऊ असल्याने मोजणीत तेच दिसते.

म्हणून धातू सापडणे आणि धातू कामाचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी धराव्यात. धातू मोजायचा, काढून घेतल्यावर क्रियाशीलता जाते का पाहायची, परत भरल्यावर ती येते का पाहायची, आणि शेवटी पेशीत खरोखर तोच धातू असतो का हे तपासायचे. या क्षेत्रात काम करायला आलेल्याने हा सगळा फेरा आधी एका ओळखीच्या एन्झाइमवर पुरा करावा. त्यासाठी गाईच्या रक्तातले कार्बॉनिक अनहायड्रेज सर्वांत सोयीचे आहे. ते विकत मिळते, सुमारे २९,००० डाल्टनचे आहे, रेणूमागे जस्ताचा एकच अणू असतो आणि जस्त काढल्यावरही प्रथिनाची घडी मोडत नाही. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे आपला हात कुठे चुकतो ते लगेच कळते.

आधी पाणी, भांडी आणि बफर

इथे घाई केली तर पुढचे सगळे आकडे खोटे निघतात. एक हिशेब करून पाहा. ५० मिलिमोलर हेपेस बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) म्हणजे लिटरला ११.९ ग्रॅम पावडर. त्या पावडरीत दहा लाखांत पाच भाग जस्त असेल, तर बफरमध्ये ०.९ मायक्रोमोलर जस्त आले. तुमचे एन्झाइम १ मायक्रोमोलर असेल तर बफरनेच त्याला जवळजवळ पुरेल इतके जस्त पुरवले. प्रथिन निर्धातू झाले असे तुम्ही समजता आणि ते मात्र क्युव्हेटमध्ये (शोषण मोजायच्या पात्रात) पुन्हा भरून घेते.

पाणी १८.२ मेगाओम-सेंटिमीटरचे घ्या. काच शक्यतो टाळा, पॉलिप्रॉपिलीन वापरा. बाटल्या, ट्यूब आणि बीकर १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा, मग याच पाण्याने पाच-सहा वेळा खळबळून धूळ बसणार नाही अशा जागी उपडे वाळवा. रंगीत पिपेट टिप नको, रंगद्रव्यातून धातू येऊ शकतात. पावडर लावलेले हातमोजे नकोत, त्या पावडरीत जस्त असू शकते. मीठ काढायला स्टीलचा चमचा वापरू नका, सुईने द्रव ओढू नका. डायलिसिसची नळी (लहान रेणू आरपार जाऊ देणाऱ्या पडद्याची) २ टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि १ मिलिमोलर ईडीटीए (धातूला पकडून ठेवणारे रसायन, म्हणजे चिलेटर) यांच्या द्रावणात दहा मिनिटे उकळा, पाण्याने धुवा आणि पुन्हा नुसत्या पाण्यात उकळा. हे शेवटचे उकळणे बरेच जण वगळतात. नळीत राहिलेले ईडीटीए मग पुढे आठवडाभर छळते.

बफर चिलेक्स या धातू ओढून घेणाऱ्या रेझिनमधून काढा. १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम रेझिन घालून तासभर हलक्या हाताने ढवळा आणि प्लास्टिकच्या कॉलममधून गाळा. रेझिन सोडियम रूपात असते आणि त्याने पीएच वर सरकतो, म्हणून पीएच शेवटी लावायचा. त्यासाठी इलेक्ट्रोड मुख्य बाटलीत बुडवू नका, थोडा बफर वेगळ्या ट्यूबमध्ये काढून त्यात मोजा. चिलेक्स मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही ओढून घेते, ते लागणार असतील तर नंतर अतिशुद्ध क्षारातून घाला.

बफर कोणता, यालाही महत्त्व आहे. हेपेस, मेस आणि मॉप्स धातूला फारसे धरत नाहीत. ट्रिस तांब्याला धरतो. फॉस्फेटमध्ये जस्त आणि लोह साक्याने खाली बसतात. सिट्रेट, हिस्टिडीन आणि इमिडाझोल तर उघड स्पर्धकच आहेत. डीटीटी हे क्षपणक जस्ताला घट्ट धरते. थायॉल (प्रथिनातले गंधकाचे गट) जपायचेच असतील तर टीसेप हे दुसरे क्षपणक घ्या, तेही कमीत कमी.

पेशीतून एन्झाइम मिळवताना

ई. कोलायमध्ये एखादे प्रथिन भरमसाट बनवले की पेशीचा धातूपुरवठा कमी पडतो आणि हाताला येईल तो धातू प्रथिनात बसतो. हे का होते ते अर्विंग-विल्यम्स क्रमातून कळते. मँगॅनीज, फेरस लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे या क्रमाने धातूची पकड वाढत जाते आणि जस्ताशी येऊन पुन्हा उतरते. प्रथिनाची जागा रचनेने मँगॅनीजसाठी असली तरी मोकळी स्पर्धा झाली तर तांबे किंवा जस्तच जिंकते. पेशी ही स्पर्धा मोकळी होऊ देत नाही. सायनोबॅक्टेरियातल्या दोन प्रथिनांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कामाने हे स्वच्छ दाखवले. मँगॅनीजचे प्रथिन पेशीच्या आत घडी घालते, कारण तिथे मोकळे तांबे जवळजवळ नसते, आणि घडी घातल्यावरच बाहेर पाठवले जाते. तांब्याचे प्रथिन मात्र बाहेर पडल्यावर घडी घालते. दोघांच्या धातूच्या जागा मात्र जवळपास सारख्याच आहेत.

म्हणून एकाच माध्यमावर विसंबू नका. किमान माध्यमात एकेक धातू घालून तीन-चार वेगवेगळी कल्चर वाढवा. जस्त किंवा लोहासाठी ५० ते १०० मायक्रोमोलरपासून सुरुवात करावी आणि धातू इंडक्शनच्या वेळी (प्रथिन बनवणे सुरू करताना) घालावा, आधी घातला तर वाढ खुंटू शकते. प्रथिन शंभर टक्के भरलेले मिळेलच असे नाही. पण कोणत्या कल्चरमधल्या प्रथिनाची क्रियाशीलता त्यातल्या धातूच्या प्रमाणात वाढते, हे पाहिले की पहिला सुगावा लागतो.

शुद्धीकरणात सर्वांत मोठा सापळा म्हणजे प्रथिनाला जोडलेली हिस्टिडीन शेपटी धरणारा निकेलचा कॉलम. कॉलममधून निकेल गळते, प्रथिनाच्या हिस्टिडीन शेपटीला चिकटते, आणि धातूची जागा रिकामी असेल तर तिथेही शिरते. शक्य असेल तर निकेल न लागणारी स्ट्रेप शेपटी वापरा किंवा शेपटीशिवाय आयन-विनिमयाने शुद्ध करा. निकेल कॉलम टाळताच येत नसेल तर शेपटी प्रोटिएजने (प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने) कापा, नंतर जेल फिल्ट्रेशन (रेणू आकारानुसार वेगळे करणे) करा, आणि अंतिम नमुन्यात निकेल न चुकता मोजा. प्रोटिएज रोखणाऱ्या तयार गोळ्या ईडीटीएविरहित आहेत ना, हे वेष्टनावर वाचून घ्या. अनेकदा पेशी फोडतानाच एन्झाइम निर्धातू होते आणि दोष शेवटच्या पायरीला दिला जातो.

शेवटच्या कॉलमवर प्रत्येक फ्रॅक्शनमध्ये (वेगळ्या गोळा केलेल्या भागात) प्रथिन, धातू आणि क्रियाशीलता तिन्ही मोजा. तिन्हींचे शिखर एकाच जागी यायला हवे आणि शिखराच्या दोन्ही उतारांवर धातू-प्रथिन गुणोत्तर सारखे राहायला हवे. गुणोत्तर एका बाजूला घसरत असेल तर धातूवाले आणि धातूविना असे दोन गट मिसळलेले आहेत, किंवा तो धातू दुसऱ्याच प्रथिनाचा आहे.

मोजणी

गुणोत्तर चुकते ते बहुधा धातूमुळे नव्हे, प्रथिनाच्या मापामुळे. ब्रॅडफर्ड ही रंगावरून प्रथिन मोजायची पद्धत अल्ब्युमिनच्या मानाने बोलते, तुमच्या प्रथिनाला ते मान लागू पडेलच असे नाही. २८० नॅनोमीटरवरचे शोषण त्याहून बरे, पण हीम (लोह धरणारा रंगीत गट) किंवा लोह-गंधक गुच्छ असेल तर तेही २८०ला शोषतात आणि प्रथिन जास्त भासते. निर्णायक आकड्यासाठी अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या आणि त्यावरून स्वतःच्या प्रथिनाचा शोषणाचा गुणांक ठरवा, म्हणजे पुढे रोज वापरता येईल.

कोरा नमुना म्हणून नुसता बफर धरू नका. डायलिसिसच्या बाहेरचा शेवटचा बफर घ्या, किंवा प्रथिन दाट करताना गाळणीखाली उतरलेला द्रव घ्या. प्रथिनाने जो प्रवास केला तोच त्यानेही केलेला असतो. समजा प्रथिन १० मायक्रोमोलर आहे, नमुन्यात जस्त ८.७ आले आणि खालच्या द्रवात ०.३. मग गुणोत्तर ०.८४. एका अणूच्या एन्झाइमसाठी हा आकडा चांगला आहे. ०.५ आल्यावर मात्र दोन रेणूंत मिळून एक अणू असा निष्कर्ष काढायची घाई नको. अर्धे एन्झाइम रिकामे असण्याची शक्यता जास्त असते.

आयसीपी-एमएस, म्हणजे आयनांचे वस्तुमान मोजणारे यंत्र, एकाच नमुन्यात सगळे धातू दाखवते आणि पहिल्या फेरीत सगळेच मागावेत. अपेक्षेपुरती यादी दिली तर युरिएजच्या निकेलसारखे काहीतरी सुटते. नमुना नायट्रिक आम्लात पचवून २ टक्के आम्लात पातळ करतात. पण वस्तुमान सारखे असलेले दुसरे आयन फसवतात. आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून ५६ होतात आणि लोह असल्याचा भास होतो, त्यासाठी हेलियमचा टक्करकक्ष चालू ठेवा. बफरमधले सोडियम आर्गॉनशी जुळून ६३ होते आणि तांबे जास्त दिसते, म्हणून तांबे ६५वरही वाचा. गंधकामुळे जस्ताचे ६४ बिघडते, तिथे ६६ बरे. दोन समस्थानिकांवरून आलेले आकडे जुळत नसतील तर त्या नमुन्याचा आकडा वापरू नका.

यंत्र जवळ नसेल तर रंगावरून मोजता येते. जस्तासाठी पार हे रंगद्रव्य १०० मायक्रोमोलर घ्या. प्रथिन ४ मोलर ग्वानिडीनमध्ये उलगडून त्यात घाला आणि ५०० नॅनोमीटरला वाचा. गुणांक सुमारे ६६,००० आहे, पण तो पीएच आणि द्रावणाप्रमाणे हलतो, म्हणून ० ते १० मायक्रोमोलरचा आलेख त्याच ग्वानिडीनमध्ये स्वतः काढा. ग्वानिडीनही आधी चिलेक्समधून गेलेले हवे. पार निकेल आणि कोबाल्टशीही रंग देते, तेव्हा त्याने धातूची ओळख पटत नाही, फक्त मोजदाद होते. लोहासाठी फेरोझिन हे रंग देणारे रसायन वापरा, ५६२ नॅनोमीटरला गुणांक २७,९००. आधी आम्लाने लोह सोडवा आणि अस्कॉर्बेटने फेरस करा. हीममधले लोह या सौम्य उपायाने सुटत नाही.

काढणी

ईडीटीएच्या पकडीचे लॉगरिदम पाहा: मॅग्नेशियम ८.७, कॅल्शियम १०.७, जस्त १६.५, तांबे १८.८, फेरिक (तीन धनभारांचे) लोह २५.१. आकडे दणदणीत आहेत, पण ते फक्त शेवटी कोण जिंकेल एवढेच सांगतात. किती वेळात, ते सांगत नाहीत. कार्बॉनिक अनहायड्रेजमधले जस्त ईडीटीए फार सावकाश काढते, कारण ते खोल खळग्यात तीन हिस्टिडीननी धरलेले असते आणि आपणहून सुटायला वेळ घेते. डायपिकोलिनिक आम्ल हे दुसरे चिलेटर लहान आणि चपटे असते, थेट खळग्यात शिरून जस्ताला आतच धरते आणि त्याचे सुटणे वेगवान करते.

कृती अशी. डायपिकोलिनिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत ५० मिलिमोलर द्रावण पीएच ७.०ला तयार करा. १०० मायक्रोमोलर एन्झाइम नळीत भरून शंभरपट द्रावणात ४ अंश सेल्सिअसला ठेवा. आठ-आठ तासांनी तीनदा द्रावण बदला. मग चिलेक्स केलेल्या बफरमध्ये आणखी चार-पाच बदल. डायपिकोलिनेट २७० नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषते, त्यामुळे बाहेरच्या बफरचे शोषण कोऱ्या बफरइतके होईपर्यंत थांबायचे नाही. शिवाय ते शिल्लक असेल तर २८०वरून काढलेले प्रथिनाचे मापही फुगते. शेवटी जस्त पुन्हा मोजा. ३ ते ५ टक्के उरले तर चालते, १५ टक्के उरले तर पुन्हा काढा.

सोबत एक नळी अशी चालवा की जिच्यात सगळे तेच, फक्त चिलेटर नाही. या जोडीदाराची क्रियाशीलता घसरली असेल तर तो घाव धातू जाण्याचा नाही, हाताळणीचा आहे.

जस्ताच्या प्रोटिएजांसाठी १,१०-फिनॅन्थ्रोलिन हे चिलेटर १ ते २ मिलिमोलर वापरतात. त्याला एक सुंदर जोडीदार आहे: १,७-फिनॅन्थ्रोलिन. रेणू जवळपास तोच, पण नायट्रोजनच्या जागा अशा की धातूला कवेत घेता येत नाही. पहिल्याने एन्झाइम थांबले आणि दुसऱ्याने थांबले नाही, तरच धातूबद्दल बोलावे. दोन्हींनी थांबले तर रेणू सक्रिय जागेत नुसता अडकून बसला आहे.

ईडीटीएने क्रिया थांबली एवढ्यावरून निष्कर्ष काढणे सर्रास चालते आणि ते चूक आहे. कायनेजमध्ये (एटीपीवरचा फॉस्फेट दुसऱ्या रेणूला जोडणाऱ्या एन्झाइमात) ईडीटीए एन्झाइमला हातही लावत नाही, एटीपीसोबतचे मॅग्नेशियम पळवते. तसेच, ईडीटीएने क्रिया थांबली नाही म्हणून धातू नाही असेही होत नाही. युरिएजचे निकेल नेहमीच्या परिस्थितीत ईडीटीएला दाद देत नाही.

परत भरणी

धातूचे क्षार तटस्थ पाण्यात साठवू नका, हायड्रॉक्साइड बनून खाली बसतात आणि पिपेटमध्ये येते ते निम्मेच. १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात साठा करा. फेरस लोह प्रत्येक वेळी ताजे, नायट्रोजनखाली. २० मायक्रोमोलर निर्धातू एन्झाइममध्ये धातू ०.२ पटीच्या टप्प्यांनी २ पटीपर्यंत घाला, प्रत्येक टप्पा वेगळ्या ट्यूबमध्ये. अर्धा तास ठेवा, मग क्रियाशीलता मोजा. घट्ट पकडीच्या एन्झाइममध्ये रेषा सरळ चढते आणि १ला अचानक आडवी होते. वळण ०.७ला आले तर प्रथिनाचा काही भाग मेलेला आहे किंवा त्याचे माप जास्त धरले आहे. १.३ला आले तर चिलेटर शिल्लक आहे. १च्या पुढे रेषा उतरू लागली तर जादा धातू अडथळा करतो आहे, कार्बॉक्सिपेप्टिडेज एमध्ये जादा जस्त असेच करते.

कार्बॉनिक अनहायड्रेजची क्रिया पॅरा-नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेटवर मोजणे सोपे: ०.५ मायक्रोमोलर एन्झाइम, ०.५ मिलिमोलर पदार्थ, २५ अंश. ३४८ नॅनोमीटरला वाचा, तिथे नायट्रोफेनॉल आणि त्याचे आयन सारखेच शोषतात. ४०० नॅनोमीटरला फक्त आयन दिसते, आणि पीएच ७च्या जवळ जरासा फरक पडला तरी आकडा उडी मारतो. हा पदार्थ आपणहूनही फुटतो, म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड घालून एन्झाइम पूर्ण थांबवा आणि उरलेला वेग वजा करा. निर्धातू नमुना याच चाचणीत लबाडी करतो: बफरमध्ये ०.३ मायक्रोमोलर जस्त असेल तर ०.५ मायक्रोमोलर रिकाम्या एन्झाइमपैकी साठ टक्के तिथल्या तिथे जिवंत होते. वेळेनुसार वेग वाढताना दिसला तर हेच चालू आहे.

सगळे धातू आजमावा: मँगॅनीज, फेरस लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे, जस्त. कोबाल्ट बऱ्याच जस्त-एन्झाइमांत चालतो आणि जस्ताला नसलेला रंगही आणतो. कार्बॉनिक अनहायड्रेजमध्ये ५१० ते ६४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात चार शिखरे दिसतात, आणि त्यांवरून धातूभोवतीची मांडणी वाचता येते. पण कोबाल्टवर चालते म्हणून ते कोबाल्टचे एन्झाइम ठरत नाही.

क्षाराची शुद्धता इथे निर्णायक ठरते. चाचणीत एन्झाइम १० नॅनोमोलर आणि मॅग्नेशियम क्लोराइड १ मिलिमोलर असेल, तर त्या क्षारात एक लाखात एक अणू जस्त असला तरी जस्त १० नॅनोमोलर झाले, म्हणजे एन्झाइमला पुरेपूर. मॅग्नेशियमने एन्झाइम जागे झाले असे वाटेल आणि जागे केले असेल जस्ताने. ९९.९९९ टक्क्यांचे क्षार घ्या आणि प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक वहीत लिहा. बाटली बदलल्यावर निकाल बदलला तर मूळ तिथेच सापडते.

लोह आणि ऑक्सिजन

फेरस लोहाचे किंवा लोह-गंधक गुच्छाचे एन्झाइम उघड्यावर हाताळू नये. ग्लोव्ह बॉक्समधला ऑक्सिजन दहा लाखांत दोन भागांच्या खाली ठेवा. प्लास्टिक ऑक्सिजन धरून ठेवते, म्हणून टिप आणि ट्यूब आदल्या दिवशीच आत न्या. बफर निर्वात आणि आर्गॉन असे आलटूनपालटून पाच-सहा फेऱ्यांत मोकळा करा. चार लोह-चार गंधक गुच्छ ४१० नॅनोमीटरजवळ शोषतो, गुणांक सुमारे १५,००० असतो. उतरलेला आकडा म्हणजे तुटलेले गुच्छ.

ईपीआर (अयुग्मित इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या) यंत्रात तांब्याच्या चार रेषा दिसतात, मँगॅनीजच्या सहा, जस्त मूक राहते. लोहाच्या नमुन्यात जी-मूल्य ४.३ला आलेले शिखर पाहून हुरळून जाऊ नका, प्रथिनाला कुठेही चिकटलेले भटके फेरिक लोहही तिथेच दिसते. स्फटिकरचनेत धातूच्या जागी घनदाट ठिपका येतो, पण निकेल, तांबे आणि जस्त ठिपक्यावरून ओळखू येत नाहीत. सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरणांच्या यंत्रावर) धातूच्या शोषणसीमेच्या, म्हणजे ज्या ऊर्जेला त्याचे क्ष-किरण शोषण एकदम वाढते तिच्या, दोन्ही बाजूंना मापे घ्यायला सांगा: लोह ७.११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, निकेल ८.३३, तांबे ८.९८, जस्त ९.६६. स्फटिक ज्या द्रावणात वाढवला त्यात जस्त किंवा कॅडमियमचा क्षार होता का, हेही पाहा.

शेवटी मूळ सजीवाकडे परत या. एन्झाइम तिथूनच, नैसर्गिक प्रमाणात, भरमसाट न बनवता शुद्ध करा आणि त्यात तोच धातू मिळतो का पाहा. त्या धातूचा पुरवठा कमी केल्यावर पेशीतली क्रियाशीलता घटते का तेही तपासा. जवळच्या नात्यातल्या एन्झाइमवरून उत्तर उसने घेता येत नाही. माणसाच्या ग्लायऑक्सालेज १ या एन्झाइममध्ये जस्त असते. ई. कोलायचे ग्लायऑक्सालेज १ जस्त भरल्यावर निष्क्रिय राहते आणि निकेलवर चालते.